विहिरीतला चार आणे हिस्सा आणि फ्लॅटचा मेंटेनन्स

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर.

आजचा विषय मेंटेनन्स. गावाकडून पुण्याला, संभाजीनगरला गेलेल्या आपल्या पोरांनी फ्लॅट घेतला की वर्षभरात एक वाद ठरलेला असतो. तळमजल्यावरचा म्हणतो, "मी लिफ्ट वापरत नाही, गच्चीवर जात नाही, मग वॉटरप्रूफिंगचे पैसे मी का देऊ?" वरच्या मजल्यावरच्याच्या बेडरूममध्ये मात्र पावसाळाभर बादली ठेवलेली असते. दोघंही हप्ते भरतायत. मग गच्ची नेमकी कोणाची?

उत्तर शोधायला मी आधी तुम्हाला जाफराबादला नेतो. पूर्णा आणि केळना नद्यांच्या संगमावरचं आमचं हे गाव. इथल्या शिवारात जमिनीची खरेदी झाली की खरेदीखतात एक ओळ हमखास सापडते: विहिरीत चार आणे हिस्सा. आता आणे चलनातून जाऊन किती वर्षं झाली? 1957 साली दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया संपला. पण विहिरीतले आणे काही संपले नाहीत. चार आणे म्हणजे पाव हिस्सा, आठ आणे म्हणजे निम्मा.

यातली गंमत बघा. भावाभावांत जमिनीची वाटणी होते, बांध पडतात, सातबारा वेगळा होतो. विहीर मात्र सामाईकच राहते. तिचे तुकडे करून पाणी मिळत नाही ना! म्हणून पाण्याची पाळी लागते. आणि गाळ काढायचा असेल, कडं ढासळलं असेल, तर ज्याचा जेवढा हिस्सा त्याचा तेवढा खर्च. "यंदा मी पाणी घेतलं नाही, गाळाचे पैसे देणार नाही," असं म्हणणारा निघतोच, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

हेच तत्त्व शहरातल्या इमारतींच्या कायद्यात आलं, पण फार उशिरा. सुरुवात दुसऱ्याच वाटेने झाली. 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे होते राव बहादूर श्रीपाद तालमकी. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. कल्पना साधी होती: इमारत संस्थेची, आणि राहणारे संस्थेचे सभासद. म्हणजे घरमालकही आपणच आणि राहणारेही आपणच. दुरुस्तीसाठी दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे बघायचं काम नाही.

पण मुंबईतली बहुतेक माणसं राहत होती भाड्याच्या चाळीत. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिथली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना आधार मिळाला, तो गरजेचाही होता. पण सिमेंट, लाकूड, मजुरी यांचे भाव काही गोठले नाहीत. मालक म्हणाला, एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरू म्हणाला, इमारत माझी नाही. दोघांच्या मध्ये जिना कुजत गेला, सज्जे पडले, इमारती कोसळल्या, माणसं गेली. शेवटी 1969 साली सरकारला कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं आणि दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला. आज म्हाडाच्या बातम्यांत 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द येतो ना, तो तिथला.

त्यानंतर लगेच, म्हणजे 1970 साली, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा आला. कॉन्डोमिनियम किंवा अपार्टमेंट असोसिएशन म्हणतात ते या कायद्याखालचं. आणि मंडळी, हा कायदा वाचताना मला विहिरीचे आणेच दिसतात! फ्लॅट तुमच्या एकट्याच्या मालकीचा. जमीन, पाया, जिना, गच्ची हे सगळं सामाईक, आणि त्यात तुमचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा. हा टक्का डिक्लरेशन नावाच्या नोंदणीकृत दस्तात लिहिलेला असतो. सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय तो बदलत नाही. सामाईक भागाची वाटणी मागता येत नाही. खर्च त्याच टक्क्याने.

आणि तळमजल्यावरच्या आपल्या मित्रासाठी कायद्यात सरळ उत्तर आहे. सामाईक जागा मी वापरत नाही, असं सांगून कोणालाही खर्चातून सुटता येत नाही. थकबाकी राहिली तर तिचा बोजा फ्लॅटवर चढतो.

सोसायटीचं गणित थोडं वेगळं. तिथे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते, तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट. शासनाच्या आदर्श उपविधींप्रमाणे वॉचमन, ऑफिस असा सेवाखर्च सगळ्यांना सारखा, वन बीएचके असो की थ्री बीएचके. लिफ्टचा खर्चही सारखा. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर: दरसाल किमान 0.75 टक्के आणि किमान 0.25 टक्के. समजा जमिनीची किंमत सोडून बांधकाम खर्च 20 लाख आहे. मग वर्षाला 15 हजार दुरुस्तीला आणि 5 हजार सिंकिंग फंडाला.

गळतीचं काय? पावसाचं पाणी छतातून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून येत असेल, तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. तुमच्या बाथरूममधून, सिंकमधून खालच्याकडे पाणी उतरत असेल, तर खर्च तुमचा. म्हणजे बेडरूममध्ये बादली ठेवणाऱ्याने एकट्याने वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं कारण नाही. इमारत 15 वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांची झाली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, हेही उपविधींतच आहे.

एवढे नियम असून वाद का होतात? मला वाटतं, फ्लॅट घेताना आपण टाइल्स बघतो, पार्किंग बघतो, कागद बघत नाही. गावाकडे विहिरीतले आणे न विचारता कोणी जमीन घेईल का? मग इथेही विचारायचं. इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट? डिक्लरेशनमध्ये आपला टक्का किती? सिंकिंग फंडात आज किती पैसे आहेत? शेवटचं ऑडिट कधी झालं? आणि सोसायटी असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभा, जी 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, तिला जाऊन बसायचं. तिथे हिशेब मागायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.

मुंबईच्या चाळींचं झालं ते एका दिवसात झालं नाही. दरवर्षीची थोडी थोडी दुरुस्ती पुढे ढकलली गेली, एवढंच. तुमच्या इमारतीत गच्चीचा खर्च कसा वाटला जातो, ते आम्हाला नक्की कळवा. आणि हा भाग आधी आपल्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!