‘एकटी कशी जाशील?’

हातातलं काम थांबवू नका. ज्वारी निवडत असाल तर निवडत राहा, फक्त कान इकडे द्या.

आज आम्ही इतिहास सांगणार आहोत, पण सुरुवात आमच्याच इतिवृत्ताच्या वहीतून करतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या एका गटातल्या ताईचं नाव मुंबईच्या प्रदर्शनासाठी आलं होतं. तिच्या हातचा काळा मसाला तालुक्यात नावाजलेला. आठ दिवसांचा मुक्काम होता. गटातून एकीलाच जायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, एकटी बाई कशी जाईल? नवरा गप्प बसला. मग विषय बैठकीत आला. खरं सांगायचं तर आम्हीही त्यांचीच री ओढली. रात्रीची रेल्वे, मुंबईची गर्दी, लेकरं लहान, असं एकेकीनं सांगितलं. शेवटी वहीत लिहिलं गेलं, ‘सोबत नसल्याने जाणे रद्द.’ खाली आमच्या दहाजणींच्या सह्या. ताईनंही सही केली. तिला घरच्यांनी अडवलं म्हणायला आम्ही मोकळ्या, पण कागदावर तर आम्हीच अडवलं होतं.

ते वाक्य आम्हाला टोचत राहिलं. म्हणून आम्ही शोधायला लागलो. आपल्या मराठी मुलखात ‘एकटी कशी जाशील’ हा प्रश्न आधी कुणाला विचारला होता, आणि तिनं काय उत्तर दिलं?

पहिलं नाव तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी. १८८३ सालच्या ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या. वय १८ वर्षं. नवरा गोपाळराव बरोबर नव्हते. ओळखीच्या मिशनरी बायकांची सोबत होती, पण घरचं माणूस एकही नव्हतं. निघण्याआधी, २४ फेब्रुवारीला, त्यांनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत भाषण केलं. हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं. लोक विचारत होते ते प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून घेतले. त्यात हाही होता: एकटी का जातेस? त्यांनी सरळ सांगितलं की नवऱ्याच्या मिळकतीवर घरातली माणसं अवलंबून आहेत, दोघांनी निघणं जमणार नाही. लाजून खाली पाहिलं नाही. हिशोब मांडला. अमेरिकेत शिकून ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. वय बावीस वर्षंसुद्धा पूर्ण नव्हतं.

या श्रीरामपूरची एक गंमत आहे. १८४५ पर्यंत ते गाव डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होतं. मग इंग्रजांनी ते विकत घेतलं. डेन्मार्क म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाकडचा छोटा, थंड देश. त्याच्या शेजारी स्वीडन, नॉर्वे, पलीकडे फिनलंड. हल्ली मोबाइलवर आपण पाहतो, कुणी मुलगी पाठीला पिशवी लावून एकटीच कोपनहेगन, स्टॉकहोम, ओस्लो अशी शहरं फिरते, फोटो टाकते. आपल्याला वाटतं, हे त्यांचं जग आहे, आपला काय संबंध? पण संबंध आहे. आपलं एक माणूस तिथं जाऊन आलं आहे, आणि गेलं होतं बायकांच्याच कामासाठी.

ते माणूस म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, सगळ्यांचे अण्णा. जन्म १८५८ चा. पहिली बायको वारल्यावर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे, म्हणजे बाया. या लग्नासाठी मुरूड गावानं अण्णांवर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेला. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. जपानात टोकियोला बायकांचं विद्यापीठ आहे, अशी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. ती वाचून हा विचार पक्का झाला. आणि त्यांनी ठरवलं की शिकवायचं ते मुलीच्या मातृभाषेत. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. तेच आपलं एस. एन. डी. टी.

१९२९ च्या मार्चमध्ये अण्णा जगाच्या दौऱ्यावर निघाले. सत्तरी ओलांडत होती. या वयात माणसं ओसरीवर बसतात. ते इंग्लंडला गेले, जिनिव्हाला गेले आणि ८ ते २१ ऑगस्ट डेन्मार्कमधल्या एल्सिनोर गावी नव्या शिक्षणाच्या जागतिक परिषदेला राहिले. जाईल तिथं हिंदुस्थानातल्या बायकांच्या उच्च शिक्षणाबद्दल बोलत राहिले.

एल्सिनोर हे कोपनहेगनपासून सुमारे ४५ किलोमीटरवरचं बंदराचं गाव. डेन्मार्कचे लोक त्याला हेल्सिंगोर म्हणतात. गावात क्रोनबोर्ग नावाचा किल्ला आहे. आपल्या दौलताबादसारखा डोंगरावर नाही, अगदी समुद्राच्या पाण्यालगत. तिथं समुद्र इतका अरुंद आहे की चार-एक किलोमीटरवर समोर स्वीडनचं गाव दिसतं. या चिंचोळ्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कचा राजा कित्येक शतकं जकात घेत असे. १८५७ मध्ये ती बंद झाली. ऑगस्टमध्ये तिथं रात्री आठनंतरही उजेड असतो. शेक्सपिअरनं हॅम्लेट नाटकाची गोष्ट याच गावात घडवली. त्यामुळे जगभरचे प्रवासी आजही तो किल्ला बघायला जातात.

त्या ऑगस्टमध्ये याच गावी आणखी एक मोठी बाई आली होती. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी. लहान मुलांना मारून, घोकून नव्हे तर हाताला काम देऊन शिकवायचं, हे जगाला सांगणाऱ्या. माँटेसरी शिक्षणाची आंतरराष्ट्रीय संस्था तिथंच स्थापन झाली. आपल्याकडे तोच विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालवाडीत आणला. ताराबाईंनी तो ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेला. आज आपली लेकरं अंगणवाडीत मणी ओवतात, रंगीत ठोकळे लावतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

आता अण्णा ज्या देशात उतरले, तो देश कसा उभा राहिला ते ऐका. हे गटाच्या बायांनी ऐकण्यासारखं आहे.

१८६४ मध्ये डेन्मार्क लढाई हरला आणि मुलखाचा मोठा तुकडा गेला. पुढे अमेरिकेचा आणि रशियाचा स्वस्त गहू युरोपात येऊ लागला. भाव पडले. डेन्मार्कचे शेतकरी गहू पिकवून बुडायला लागले. आपल्या कापसाचा, सोयाबीनचा भाव पडला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मग ते दुधाकडे वळले. पण दोन-चार गाई असलेल्या माणसाच्या लोण्याला परदेशात कोण विचारणार? १८८२ मध्ये पश्चिम डेन्मार्कमधल्या एका खेड्यात शेतकऱ्यांनी मिळून सहकारी दूधसंस्था काढली. सगळ्यांचं दूध एका ठिकाणी, लोणी एकाच प्रतीचं, नफा दुधाच्या मापाप्रमाणे. आणि मत? मत माणशी एक. ज्याच्या गाई जास्त त्याची मतं जास्त, असं नाही. काही वर्षांत अशा संस्था देशभर झाल्या आणि डेन्मार्कचं लोणी इंग्लंडच्या बाजारात नाव मिळवून बसलं.

आता बघा, आपल्या गटाचा नियमही हाच. दहा एकरवालीची बचत आणि भूमिहीन बाईची बचत सारखी, आणि बैठकीत दोघींचा हात सारखाच वर होतो.

पण नुसत्या दुधानं हे झालं नाही. त्याच्या आधी शाळा आली होती. ग्रुंडविग नावाचे एक धर्मोपदेशक आणि कवी होते. ते म्हणत, शिकलेल्यांची लॅटिन भाषा बाजूला ठेवा, शेतकऱ्याच्या पोराला त्याच्याच भाषेत शिकवा, आणि परीक्षेची भीती काढून टाका. त्यांच्या विचारानं १८४४ मध्ये पहिली लोकशाळा निघाली. मोठ्या वयाच्या मुलांनी तिथं राहायचं, इतिहास ऐकायचा, गाणी म्हणायची, चर्चा करायची. पुढे शेतीच्या कामाप्रमाणे वेळ बसवली गेली. हिवाळ्यात तरुण मुलगे, उन्हाळ्यात तरुण मुली. म्हणजे मुलींसाठीही वेळ राखून ठेवली. खुद्द एल्सिनोरमध्ये १९२१ मध्ये अशीच एक लोकशाळा निघाली, पण सगळ्या जगातल्या तरुणांसाठी. ती आजही चालू आहे.

मातृभाषेत शिकवा, हे ग्रुंडविग डेन्मार्कमध्ये म्हणत होते. मातृभाषेत शिकवा, हे अण्णा पुण्यात म्हणत होते. आणि तेव्हा आपल्या मराठवाड्यात काय होतं? आपण निजामाच्या राज्यात होतो. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. इंग्रजीऐवजी देशी भाषेत उच्च शिक्षण, ही मोठीच गोष्ट होती, पण ती भाषा उर्दू. मराठी घरातल्या मुलीला पुढं शिकायचं तर आधी दुसरी भाषा ओलांडायची, मग उंबरठा ओलांडायचा, मग हैदराबाद गाठायचं. आपल्या शहरात मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ आलं ते १९५८ मध्ये. आमच्यापैकी जिनं बी. ए. केलं, ती घरातली पहिलीच. आजीच्या पिढीला तो रस्ताच नव्हता.

उत्तरेकडच्या या देशांचं आणखी एक देणं आपण दरवर्षी साजरं करतो. १९१० च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगन शहरात कामकरी बायकांच्या चळवळीची परिषद भरली. तिथं जर्मनीच्या क्लारा झेटकिन यांनी मांडलं की जगभर बायकांचा एक दिवस असावा. आपला ८ मार्च त्यातूनच आला. फिनलंडमध्ये बायकांना १९०६ मध्ये मताचा हक्क मिळाला आणि १९०७ मध्ये १९ बाया निवडून आल्या. डेन्मार्कमध्ये मत मिळालं १९१५ ला. आपल्या मुंबई प्रांतात १९२१ मध्ये मिळालं, पण मालमत्ता असणाऱ्या थोड्या बायकांनाच.

आता तुम्ही म्हणाल, अण्णा पुरुष होते. पुरुषाला कोण विचारतं, एकटा कसा जाशील? बरोबर आहे. म्हणून शेवटची गोष्ट त्यांच्या मेव्हणीची. अण्णांच्या आधी दहा-अकरा वर्षं ती परदेशी गेली होती, आणि तिची वाट जास्त अवघड होती.

पार्वतीबाई आठवले. बायांची धाकटी बहीण. जन्म १८७० चा, कोकणातल्या देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. केशवपन झालेलं. पंचविशी उलटल्यावर पुण्यात येऊन त्या शिकायला बसल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमाचं काम अंगावर घेतलं आणि वर्गणी गोळा करत देशभर फिरल्या. जिचं तोंड बघणं लोक अशुभ मानायचे, ती दारोदार जाऊन बायकांच्या शिक्षणासाठी पैसे मागत होती.

१९१८ मध्ये, ४८ व्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं होतं आणि आश्रमासाठी मदत उभी करायची होती. इंग्रजी मोडकंतोडकं, अंगावर लुगडं, खाणं शाकाहारी. पैसा पुरेना तेव्हा त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं. मैत्रिणींनो, इथं थांबून विचार करा. आश्रमाच्या संचालिका असलेल्या बाईनं परक्या देशात दुसऱ्याची भांडी घासली, आणि ते लपवलं नाही. जवळजवळ दोन वर्षांनी त्या परत आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. ‘माझी कहाणी’ या १९२८ च्या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहिलं. पुढे १९३० मध्ये ते इंग्रजीतही निघालं.

अण्णा डेन्मार्कहून अमेरिकेला, तिथून टोकियोला गेले. ज्या विद्यापीठाबद्दल वाचून आपलं विद्यापीठ काढलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि १९३० च्या एप्रिलमध्ये ते परतले.

या तिघांच्या प्रवासात एक गोष्ट सारखी आहे. तिघंही गेले ते मागे राहिलेल्यांसाठी काहीतरी आणायला. आणि मागे राहिलेल्या माणसांनी त्यांचं काम सांभाळलं, म्हणून ते जाऊ शकले. हिंगण्याचा आश्रम दोन वर्षं चालूच होता ना? कुणीतरी स्वयंपाक केला, कुणीतरी मुली सांभाळल्या. ‘एकटी कशी जाशील’ याचं अर्धं उत्तर जाणारीनं द्यायचं असतं आणि अर्धं राहणाऱ्यांनी. मागच्या हिवाळ्यात आम्ही आमचं अर्धं उत्तर दिलं नाही.

म्हणून गेल्या महिन्याच्या बैठकीत आम्ही वहीत नवा ठराव लिहिला. गटातल्या कुणाचंही नाव बाहेरगावी आलं तर जाण्यायेण्याचं तिकीट गटाच्या निधीतून. तिच्या लेकरांचं जेवण आळीपाळीनं दोन घरी. स्टेशनवर सोडायला दोघी जातील. पोचल्याचा फोन अध्यक्षांना करायचा. आणि परत आल्यावर तिनं पहिल्या बैठकीत उभं राहून सांगायचं, काय पाहिलं, काय आणलं.

ताईच्या सासूबाईंनाही आम्ही बैठकीला बोलावलं होतं. पार्वतीबाईंची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. म्हणाल्या, “ती बाई भांडे घासाया अमेरिकेला गेली, अन् आमची मसाला इकाया मुंबईला जाईना?” ताई काही बोलली नाही. ठरावाखाली पहिली सही मात्र तिनं केली.

तुमच्या गटाच्या वहीत असं एखादं ‘जाणे रद्द’ लिहिलेलं आहे का? आज घरी गेल्यावर जुनी पानं चाळा. सापडलं तर पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, आणि त्याच्या खाली काय लिहायचं ते सगळ्या मिळून ठरवा. नमस्कार.