न कळणाऱ्या भाषेतले गांधी

२१ नोव्हेंबर १९७६, रविवार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ नावाचा एक विचित्र ऑपेरा सुरू होता. त्याला कथानक नव्हतं. गायक आकडे आणि सा-रे-ग-म म्हणत होते. सलग पाचेक तास चालणाऱ्या या प्रकारात मध्यंतर नव्हतं, प्रेक्षकांनी हवं तेव्हा उठावं आणि हवं तेव्हा परत यावं. मेटचे स्वतःचे खेळ रविवारी नसत, म्हणून ते भाड्यानं घेतलेलं. तिकिटं संपली, पुढच्या रविवारी दुसरा प्रयोग झाला, त्याचीही संपली. हिशेब मांडला तेव्हा दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन आणि संगीतकार फिलिप ग्लास यांच्या डोक्यावर लाखभर डॉलरच्या आसपास कर्ज होतं. ग्लास परत टॅक्सी चालवायला गेला.

‘परत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो टॅक्सी आधीपासूनच चालवत होता. त्या काळातला एक किस्सा तो स्वतः सांगतो. टॅक्सीत बसलेल्या एका बाईनं चालकाच्या परवान्यावरचं नाव वाचलं आणि सांगितलं, की तुमचं आणि एका फार प्रसिद्ध संगीतकाराचं नाव सारखंच आहे.

ग्लासचा जन्म १९३७ चा, बाल्टिमोरचा. वडील रेडिओ दुरुस्त करायचे आणि रेकॉर्डचं दुकान चालवायचे. दुकानात न खपलेल्या रेकॉर्ड ते रात्री घरी आणून ऐकत बसत. यात नेमकं काय बिघडलंय की लोक घेत नाहीत, हे त्यांना शोधायचं होतं. न खपणाऱ्यांत बार्टोक होता, शोस्ताकोविच होता. ऐकता ऐकता बिघाड काही सापडला नाही, वडील त्या संगीताच्या प्रेमात मात्र पडले. अपयशाचं इतकं सुंदर डीबगिंग मी दुसरीकडे कुठं वाचलेलं नाही.

पंधराव्या वर्षी मुलगा शिकागो विद्यापीठात गेला, गणित आणि तत्त्वज्ञान शिकला. मग बेथलेहेम स्टीलच्या कारखान्यात काही महिने राबून पैसे जमवले आणि न्यूयॉर्कच्या ज्युलियर्डमध्ये संगीत शिकायला गेला. पुढं १९६४ ते ६६ पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या कडक शिस्तीच्या गुरूकडे पाश्चात्त्य संगीताचा पाया नव्यानं घोटला. आणि तिथंच, पोटापाण्यासाठी घेतलेल्या एका कामानं त्याचं सगळं संगीत बदललं.

काम असं होतं. ‘चप्पाक्वा’ नावाच्या चित्रपटाचं संगीत पंडित रविशंकर करत होते. वाजवणारे पाश्चात्त्य वादक, त्यांना समोर लिहिलेलं संगीत लागणार. ते लिहून द्यायला ग्लासला ठेवलं होतं. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. ग्लास स्टाफ नोटेशनमध्ये लिहायचा, वादक वाजवायचे, आणि अल्लारखाँ मान हलवायचे: चुकलं. आघात भलत्याच ठिकाणी पडत होते. कारण पाश्चात्त्य पद्धतीत उभ्या रेघा मारून संगीताचे ठरावीक तुकडे पाडतात, आणि रेघ आली की तिच्या पुढच्या स्वरावर आपोआप वजन येतं. सगळे स्वर सारख्याच वजनाचे आहेत, असं अल्लारखाँ पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी वैतागून ग्लासनं सगळ्या उभ्या रेघा खोडल्या. समोर राहिली दोन-दोन, तीन-तीनच्या गटांची एक लांब माळ, आणि त्या माळेतून सोळा मात्रांचं चक्र वर आलं.

ग्लासला ताल कळला का? माझं मत, अर्धाच कळला. आपल्याकडे ताल म्हणजे आधीच ठरलेलं आवर्तन. कलाकार त्याच्या आत वाटेल तिथं भटकतो आणि समेवर घरी येतो. ग्लासनं घेतली ती फक्त बेरीज. एक छोटा गट घ्या, पुन्हा वाजवा, त्यात एक स्वर वाढवा, पुन्हा वाजवा, मग एक काढा. १९६८ मध्ये त्यानं ‘वन प्लस वन’ नावाची रचना केली. तिला वाद्यच लागत नाही, एका माणसानं मायक्रोफोन लावलेल्या टेबलावर बोटांनी ठोकायचं. दोन लयखंड दिलेले आहेत आणि ते कसे जोडायचे याचा नियम. हा सरळ सरळ प्रोग्राम आहे. अर्धवट समजुतीतून एक अख्खी शैली उभी राहिली, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही. नाक मुरडणाऱ्यांनी तिला ‘अडकलेली तबकडी’ म्हटलं. पण नीट ऐकलं तर ती जागेवर अडकत नाही, फार हळू सरकते.

पॅरिसनंतर तो भारतात आला आणि मग येतच राहिला. हिमालयाच्या पायथ्याशी कालिंपाँगमध्ये गालिचे विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं त्याला एक जुनी वार्ताफीत दाखवली. तिच्यात दांडीयात्रा होती. गर्दीच्या पुढं झपझप चालणारा तो बारका माणूस ग्लासच्या डोक्यात रुतून बसला.

न्यूयॉर्कमध्ये मात्र गॅरेजमधून टॅक्सी काढणं, लोकांचं सामान हलवणं, नळ जोडणं चालूच होतं. ‘टाइम’ साप्ताहिकाचे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज यांच्या घरी भांडी धुण्याचं यंत्र बसवायला तो गेला. ह्यूजनी त्याला ओळखलं आणि ते हादरलेच, तुम्ही तर कलावंत आहात! ग्लासनं सांगितलं, की कलावंत आहेच, पण कधीकधी प्लंबरही असतो, तेव्हा मला हे काम संपवू द्या. दिवसा पगाराचं काम आणि रात्री आपलं काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या सगळ्यांना हा किस्सा पाठ आहे. मला त्यात रोमँटिक काही दिसत नाही. माणूस चाळिशीला आला होता, घरी दोन मुलं होती आणि मेट दोनदा भरवूनही भाडं सुटत नव्हतं.

याच सुमाराला नेदरलँड्स ऑपेराचे प्रमुख हान्स द रू यांनी त्याला विचारलं, की खराखुरा ऑपेरा लिहिशील का? म्हणजे तयारीचे गायक, कोरस आणि पूर्ण वाद्यवृंद घेऊन. रॉटरडॅम शहरानं पैसे दिले. १९७८ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ग्लासची टॅक्सी कायमची सुटली. विषय त्याच्याकडे तयारच होता. ५ सप्टेंबर १९८० ला रॉटरडॅममध्ये पडदा उघडला तो ‘सत्याग्रह’चा.

यातले गांधी आपल्या नोटेवरचे नाहीत. हा १८९३ ते १९१४ या काळातला, दक्षिण आफ्रिकेतला तरुण वकील आहे. तीन अंक, आणि प्रत्येकावर एक मूक साक्षीदार नजर ठेवून असतो: पहिल्यावर टॉलस्टॉय, दुसऱ्यावर टागोर, तिसऱ्यावर मार्टिन ल्यूथर किंग. पहिलाच प्रवेश कुरुक्षेत्राचा. दोन सैन्यांच्या मध्ये अर्जुन, कृष्ण आणि गांधी. पुढच्या प्रवेशांत काळाचा क्रम पाळलेलाच नाही. १९१० चं टॉलस्टॉय फार्म आधी येतं आणि १९०६ ची शपथ नंतर. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात हिंदी लोकांनी नोंदणीचा कायदा न पाळण्याची शपथ घेतली होती. त्या कायद्यात बोटांचे ठसे देऊन परवाना जवळ बाळगायची सक्ती होती. (साधं सिम कार्ड घ्यायला अंगठा टेकवणाऱ्या आपल्या पिढीनं इथं क्षणभर थांबायला हरकत नाही.) दुसरा अंक संपतो तो ऑगस्ट १९०८ मध्ये मशिदीसमोर पेटलेल्या परवान्यांच्या होळीवर. तिसऱ्यात १९१३ चा न्यूकॅसलच्या खाणकामगारांचा मोर्चा.

वाद्यवृंदात तंतुवाद्यं, लाकडी सुषिर वाद्यं आणि ऑर्गन एवढंच. पितळी वाद्यं नाहीत, ताशे-ढोल नाहीत. मोर्चा, दंगल, होळी सगळं आहे, पण रणवाद्य एकही नाही. अहिंसेवरच्या कलाकृतीत इतका साधा निर्णय इतकं काम करतो.

आणि भाषा संस्कृत. कॉन्स्टन्स डीयाँगनं ग्लाससोबत भगवद्गीतेतले श्लोक निवडून संहिता बांधली. डर्बनच्या रस्त्यावर गोऱ्यांचा जमाव गांधींवर तुटून पडतो तेव्हा जमाव गीता गातो. त्यांना वाचवणाऱ्या मिसेस अलेक्झांडरही गीताच गातात. रंगमंचावर चाललेलं एक आणि शब्द दुसरे, त्यातला धागा प्रेक्षकानं शोधायचा. शब्दांचा अर्थ कळला नाही की माणूस बघेल आणि ऐकेल, असं ग्लासचं गणित.

माझं खरं अडतं ते इथं. आपल्याकडे गीतेचा सगळा प्रवास उलट्या दिशेचा आहे. सातशे वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरांनी ती संस्कृतातून मराठीत आणली ती लोकांना कळावी म्हणून. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांना गीता समजावून सांगत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. संस्कृत कुणाला शिकू द्यायचं आणि कुणाला नाही, यावर इथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं चिरडली गेली. आणि एक अमेरिकन येतो आणि कुणाला कळू नये म्हणूनच संस्कृत निवडतो! न्यूयॉर्कच्या प्रेक्षकासाठी ती भाषा म्हणजे निव्वळ नाद आहे, पण आपल्यासाठी तिला इतिहास आहे. रेकॉर्डिंग ऐकताना मध्येच एखादा ओळखीचा शब्द कानावर येतो, आणि ज्या अंतरावर ग्लासला श्रोता हवा आहे तिथं मी राहू शकत नाही.

गांधींबद्दलही तसंच. हा ऑपेरा १९१४ ला थांबतो, म्हणजे पुणे करार आणि आंबेडकरांशी झालेला संघर्ष त्याच्या कक्षेतच येत नाही. पण दक्षिण आफ्रिकेतले कृष्णवर्णीयही त्यात जवळजवळ दिसत नाहीत, आणि त्याला ही सबब चालणार नाही. तरुण गांधींनी त्यांच्याबद्दल लिहिलेल्या मजकुरामुळेच २०१८ मध्ये घाना विद्यापीठातून गांधींचा पुतळा हलवला गेला. ग्लासनं माणूस रंगवला नाही, एका कल्पनेचा जन्म रंगवला. आजच्या दिग्दर्शकानं ही रिकामी जागा भरायला हवी, असं मला वाटतं.

तरी शेवट मी पुन्हा पुन्हा ऐकतो. वर किंग पाठमोरे उभे, आवाज न येणारं भाषण करताहेत. खाली गांधी एकटे, आणि ते एक सरळ चढता स्वरसमूह गातात. आठ स्वर, खालच्या षड्जापासून वरच्यापर्यंत. पुन्हा तेच. तीसेक वेळा. युरोपात या स्वरांना फ्रिजियन म्हणतात, आपण त्यांना भैरवी थाट म्हणू. ग्लासनं हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, पण आपल्या मैफली जिथं संपतात तिथंच हा ऑपेरा संपतो. शब्द चौथ्या अध्यायातले, धर्माला ग्लानी आल्यावर पुन्हा जन्म घेण्याबद्दलचे. टीव्हीवरच्या ‘महाभारता’मुळे संस्कृतचा गंध नसलेल्यांनाही पाठ असलेले.

२०११ मध्ये मेटनं ‘सत्याग्रह’ पुन्हा लावला. रंगमंचभर वर्तमानपत्रांचे कागद आणि त्यांतून उभ्या राहणाऱ्या प्रचंड बाहुल्या. बाहेर शहरात ऑक्युपाय वॉल स्ट्रीटच्या तरुणांना दोनच आठवड्यांपूर्वी पोलिसांनी पार्कातून उठवलं होतं. १ डिसेंबरच्या रात्री ते लिंकन सेंटरसमोर जमले. आत अहिंसक आंदोलनावर टाळ्या पडताहेत आणि बाहेर आंदोलकांना पायऱ्यांवर चढू देत नाहीत, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. मध्ये पोलिसांचे अडथळे होते. खेळ सुटला, भारी कोट घातलेले प्रेक्षक पायऱ्यांवर येऊन घुटमळले. गर्दीत चौऱ्याहत्तर वर्षांचा ग्लास उभा होता.

लाउडस्पीकरला परवानगी नव्हती. म्हणून आंदोलकांची पद्धत अशी, की एकानं अर्धं वाक्य बोलायचं आणि भोवतालच्या सगळ्यांनी ते मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे मागच्यांपर्यंत पोचतं. ग्लासनं आपल्या ऑपेराच्या शेवटच्या ओळी म्हटल्या. या वेळी संस्कृतात नाही, सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत. एक तुकडा तो म्हणायचा, गर्दी म्हणायची, मग पुढचा. संपल्यावर त्यानं पुन्हा सुरुवात केली, आणि मग तिसऱ्यांदा. तोवर पायऱ्यांवरचे काही जण अडथळ्यांच्या अलीकडे आले होते.