खिशातील चाकू, कायद्यातील मापे आणि प्रवासातील तपासणी

फळ सोलण्यासाठी, सुतळी कापण्यासाठी किंवा पाकीट फोडण्यासाठी लहानसा घडीचा चाकू जवळ बाळगणे हा भारतात स्वतःहून गुन्हा ठरत नाही. तरीही हाच चाकू विमानतळावर प्रवाशाकडून काढून घेतला जातो, महाराष्ट्रातील एखाद्या जिल्ह्यात मनाई आदेश लागू असताना तो कारवाईचे कारण ठरू शकतो, आणि त्याचे पाते बटन दाबून उघडणारे असेल तर दिल्लीत त्याच्या लांबीरुंदीची मोजदाद होते. या तिन्ही ठिकाणी लागू होणारे नियम निरनिराळे आहेत व त्यांचे उद्देशही निरनिराळे आहेत. ‘चाकू किती इंचांपर्यंत चालतो’ या नेहमीच्या प्रश्नाला देशभर लागू पडेल असे एक उत्तर त्यामुळेच देता येत नाही.

या विषयातील मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. आक्रमणासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून घडवलेली अथवा तसे रूप दिलेली कोणतीही वस्तू या कायद्याने ‘शस्त्र’ ठरते आणि धारदार हत्यारे त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहेत. मात्र त्याच व्याख्येत एक महत्त्वाचा अपवाद आहे : केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांत मोडत नाहीत. कायद्याने उदाहरण म्हणून लाठी व चालताना वापरायची साधी काठी यांचा उल्लेख केला आहे. स्वयंपाकघरातील विळी, भाजी चिरण्याची सुरी, आजीच्या पानाच्या डब्यातील अडकित्ता किंवा शेतकऱ्याच्या कमरेचा विळा हे सारे या अपवादाच्या आश्रयाने निर्वेध वापरात राहिले आहे.

यात पात्याच्या धारेपेक्षा वस्तू कशासाठी घडवली गेली हे अधिक महत्त्वाचे ठरते. उसाच्या फडात कोयता हे अवजार असते. भररस्त्यात दहशत बसवण्यासाठी उगारलेल्या कोयत्याविषयी मात्र अवजार असल्याचा बचाव टिकणे कठीण असते आणि तेथे शस्त्र कायद्याखेरीज इतर फौजदारी तरतुदीही पुढे येतात. प्रवासात चाकू सापडलेल्या व्यक्तीला ‘हा कशासाठी जवळ ठेवला आहे’ असे विचारले जाते, ते याच कारणाने. चाकूबरोबर फळांची पिशवी आहे की विजेच्या कामाची हत्यारे आहेत, हेही मग पाहिले जाते.

शस्त्र नियमांच्या अनुसूचीत एक माप दिलेले आहे आणि त्याविषयी बराच गैरसमज आढळतो. बंदुकीखेरीज इतर शस्त्रांच्या पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्या जोडीला नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामांसाठी बनवलेली पाती यातून वगळलेली आहेत. यावरून ‘नऊ इंचांच्या आतील चाकू सर्वत्र मुभा असलेला’ असा अर्थ काढला जातो, तो बरोबर नाही. ही अनुसूची शस्त्रांचे वर्ग ठरवते, प्रवाशाला हमी देत नाही. बंदुकीखेरीज इतर शस्त्रे बाळगण्यास परवाना कोठे लागेल हे कायद्याच्या कलम ४ नुसार ठरते. एखाद्या प्रदेशात अशी शस्त्रे नियंत्रित करणे लोकहिताच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढते आणि त्या प्रदेशापुरते ते बंधन लागू होते. अधिसूचित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास कलम २५ खाली साधारणतः किमान एक वर्ष व कमाल तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे.

दिल्ली हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. तेथे २९ ऑक्टोबर १९८० रोजी काढलेल्या अधिसूचनेत स्प्रिंगवर उघडणारे, गरारीदार, बटनदार आणि अन्य यांत्रिक युक्तीने उघडमिट होणारे चाकू नमूद आहेत. पाते ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असेल तर तो चाकू या अधिसूचनेच्या कक्षेत येतो. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे नेमके तीन इंच. गस्तीच्या वेळी झडतीत असा चाकू मिळाला की जागेवरच त्याचे रेखाचित्र काढायचे, पाते व मूठ मोजायची, पुडके मोहोरबंद करायचे आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायचा, ही दिल्लीतील पोलीस ठाण्यांची व कनिष्ठ न्यायालयांची परिचित कार्यपद्धती आहे.

या प्रघाताला २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने मर्यादा घातली. संबंधित प्रकरणात बटनदार चाकूचे पाते अधिसूचनेतील मापाहून मोठे होते, यात वाद नव्हता. परंतु अधिसूचनेचा रोख निर्मिती, विक्री आणि विक्रीसाठी वा चाचणीसाठी बाळगणे यांवर आहे, आणि आरोपपत्रात तसा आरोपच केलेला नव्हता. केवळ विशिष्ट मापाचा चाकू सापडला एवढ्यावरून अधिसूचनेचा भंग होत नाही, असे सांगून न्यायालयाने ती फौजदारी कारवाई रद्द केली. मोजपट्टीवर उभ्या राहणाऱ्या खटल्यांच्या दृष्टीने हा निर्णय लहान नाही. अशा खटल्यांत सापडणारी माणसे बहुधा हातावर पोट असलेली असतात आणि जामीन व तारखा यांतच त्यांची वर्षे जातात.

बटनदार चाकूंविषयी प्रशासन एवढे साशंक का, याचे उत्तर उत्तर प्रदेशातील रामपूरमध्ये मिळते. रामपुरी चाकू हिंदी चित्रपटांतील खलनायकांच्या हातून देशभर पोहोचला. खटका दाबताच होणारा त्याचा आवाज हीच त्याची ओळख बनली. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंच्या निर्मितीवर बंदी घातली आणि कारागिरांचा हा व्यवसाय आक्रसत गेला. गंमत अशी की, त्याच रामपुरात २०२३ मध्ये चौकात ६.१० मीटर लांबीचा भव्य चाकू उभारून शहराने आपला हा वारसा मिरवला. तेथून आठवण म्हणून छोटा रामपुरी विकत घेणाऱ्या पर्यटकाने परतीचा मार्ग दिल्लीवरून असल्यास पाते मोजून पाहणे इष्ट.

महाराष्ट्रात प्रवाशाला अधिक वेळा लागू होणारी तरतूद शस्त्र कायद्यातील नव्हे, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील आहे. १९५१ च्या या कायद्याच्या कलम ३७ (१) नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी व क्षेत्रासाठी शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई करू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या सुमारास वृत्तपत्रांत ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’ या मथळ्याखाली येणारी छोटी बातमी ती हीच. हे आदेश बहुधा पंधरवड्यापुरते असतात आणि पुनःपुन्हा काढले जातात. कर्तव्यावरील शासकीय कर्मचारी व प्रकृतीच्या कारणाने काठी वापरणारे यांना त्यांतून सामान्यतः वगळलेले असते. खिशातील चाकूला मात्र तशी सूट लिहिलेली नसते. आदेशभंगाबद्दल कलम १३५ अन्वये एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो आणि विशेष कारणे नोंदवल्याशिवाय तो चार महिन्यांहून कमी करता येत नाही. अन्य राज्यांत असेच प्रतिबंधात्मक आदेश १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. पूर्वीचे कलम १४४ ते हेच.

विमानतळावरील निराळा न्याय

विमानतळावर इंचांची ही सारी चर्चा निरर्थक ठरते. तेथील प्रश्न वस्तू शस्त्र आहे की नाही असा नसतो. ती प्रवाशांच्या कक्षात जाऊ द्यायची की नाही, एवढेच पाहिले जाते. नागरी हवाई सुरक्षा ब्यूरोने निषिद्ध वस्तूंची यादी ठरवून दिलेली असून तिची अंमलबजावणी प्रमुख विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. चाकू, वस्तरा, घडीचे बहुउपयोगी हत्यार हे हातसामानात चालत नाहीत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या नोंदणीकृत सामानात ते नेता येतात.

या कठोरपणामागे अनुभव आहे. २९ सप्टेंबर १९८१ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान कृपाणांचा धाक दाखवून लाहोरला नेण्यात आले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीकडे येणारे आयसी ८१४ विमान कंदाहारला नेले गेले, तेव्हा अपहरणकर्त्यांकडे इतर शस्त्रांबरोबर चाकूही होते आणि एका प्रवाशाचा बळी चाकूनेच घेतला गेला. त्यानंतर ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ पर्यंत चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात नेण्यास मुभा होती. त्या दिवसानंतर ती संपली. २०१३ मध्ये तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाने सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याला परवानगी देण्याचे ठरवले होते, परंतु विमानातील कर्मचाऱ्यांच्या तीव्र विरोधामुळे जूनमध्ये तो विचार सोडून द्यावा लागला.

भारतातील एकमेव ठळक अपवाद शीख प्रवाशांच्या कृपाणाचा आहे. कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला जाईल, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. मार्च २०२२ च्या आदेशानुसार पाते सहा इंचांहून (१५.२४ सेंटिमीटर) आणि एकूण लांबी नऊ इंचांहून (२२.८६ सेंटिमीटर) अधिक नसलेले कृपाण शीख प्रवाशांना देशांतर्गत मार्गांवरील भारतीय विमानांत जवळ ठेवता येते. याला आव्हान देणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेटाळली. ही सवलत आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू नाही. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला परदेशातून येणाऱ्या यात्रेकरूंनी म्हणूनच आंतरराष्ट्रीय टप्प्यात कृपाण नोंदणीकृत सामानात ठेवावे लागते.

तपासणीच्या यंत्राविषयीही थोडे जाणून घेणे उपयुक्त आहे. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर कापड, कागद, अन्न यांसारखे सेंद्रिय पदार्थ नारिंगी छटेत, तर धातू निळ्या छटेत दिसतात. आडवे पडलेले पाते लगेच ओळखू येते, पण कडेवर उभे असलेले पाते केवळ बारीक रेघ वाटते. बॅग दुसऱ्या बाजूने पुन्हा यंत्रातून पाठवली जाते, ती बहुतेक वेळा यासाठी. लॅपटॉप वेगळा काढायला लावण्याचे एक कारणही हेच : त्याच्या दाट भागांमागे पातळ वस्तू झाकली जाते. चाव्यांच्या जुडग्याला लावलेला बोटाएवढा स्विस चाकू प्रवासी स्वतः विसरलेला असतो. यंत्रावर बसलेला जवान विसरत नाही.

असा चाकू सापडला म्हणजे प्रवासी आरोपी झाला असे नव्हे. लपवण्याचा प्रयत्न किंवा उघडउघड शस्त्र नसेल तर वस्तू बाजूला ठेवली जाते आणि प्रकरण तेथेच मिटते. वेळ हाताशी असल्यास विमान कंपनीच्या काउंटरवर परत जाऊन ती नोंदणीकृत सामानात टाकण्याची विनंती करता येते, किंवा निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकाकडे सोपवता येते. दोन्ही शक्य नसल्यास ती सोडून द्यावी लागते. केवळ हातसामान घेऊन, घरूनच वेब चेक-इन करून निघणाऱ्या प्रवाशाची येथे सर्वाधिक अडचण होते, कारण त्याच्याकडे विमानाच्या पोटात जाणारी बॅगच नसते. जवानांशी हुज्जत घालणे मात्र महागात पडू शकते. चाकूपेक्षा त्या हुज्जतीमुळेच प्रकरण स्थानिक पोलिसांपर्यंत जाण्याची शक्यता अधिक.

रेल्वेची स्थिती बरीच सैल आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये पात्याच्या लांबीची कोणतीही मर्यादा नाही आणि लांबच्या गाडीत आंबा चिरायला सुरी काढणारे कुटुंब हे आजही नेहमीचे दृश्य आहे. मात्र स्थानक ज्या जिल्ह्यात आहे तेथील मनाई आदेश फलाटावरही लागू असतो. मेट्रोत याउलट विमानतळासारखी तपासणी असते व धारदार वस्तू अडवल्या जातात. हत्यारांची पिशवी घेऊन कामावर जाणाऱ्या सुताराला आणि नळकाम करणाऱ्याला त्यामुळे अनेकदा बसचाच आधार घ्यावा लागतो.

परदेशात जाणाऱ्यांसाठी मापे पुन्हा बदलतात. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी कारणाशिवायही बाळगता येतो, पण उघडल्यावर पाते अडकून पक्के बसणारा चाकू त्यात मोडत नाही, असे तेथील न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केले. युरोपीय संघाच्या विमानतळांवर हातसामानातील पात्यासाठी सहा सेंटिमीटरची सीमा आहे. झुरिचला तपासणीतून सहज पार पडलेला छोटा चाकू म्हणूनच मुंबईत अडतो : आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून पुणे, नागपूर वा गोव्याचे पुढचे विमान पकडताना भारतीय यादीनुसार नव्याने तपासणी होते. मुंबईत सीमाशुल्क कक्षापाशी नोंदणीकृत बॅग हाती येते, तेव्हाच चाकू खिशातून काढून तिच्यात टाकावा. ती बॅग पुढील विमानासाठी सोपवली गेली की ही संधी उरत नाही.