निरोप ऐकणारें द्रव्य

शरीरांतील एक पेशी दुसरीस निरोप कसा धाडते, हा इतिहास बहुधा निरोप्यांच्याच नांवानें सांगितला जातो. १९०२ सालीं लंडन येथें बेलिस व स्टार्लिंग यांनीं कुत्र्याच्या लहान आंतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून तेथें आम्ल घातलें, तरीहि स्वादुपिंडांतून रस पाझरूं लागला. म्हणजे निरोप रक्तांतून आला होता. अशा द्रव्यांस स्टार्लिंगनें १९०५ सालीं ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. ह्या शोधाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु रक्त तर सर्वांगांत फिरतें. मग तो निरोप कांहीं ठराविक अवयवांसच कां कळावा? ऐकणाऱ्यापाशींच कांहीं विशेष असलें पाहिजे, हा विचार आमच्या मतें अधिक खोल होता, आणि त्याची उपेक्षाहि अधिक झाली.

तो विचार त्याच १९०५ सालीं केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनीं मांडला. साधनें अगदीं साधीं: कोंबडीच्या पायाचे स्नायू आणि दोन विषें. तंबाखूंतील निकोटीन टोंचलें कीं ते स्नायू आखडत. हें विष मज्जातंतूच्या टोंकावर काम करीत असेल, असें कोणीहि म्हटलें असतें. म्हणून लँग्लींनीं तंतू अगोदरच तोडून तो पुरता निर्जीव होऊं दिला. तरीहि स्नायू आखडलेच. मग त्यांनीं क्युरारे, म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील आदिवासी बाणांस लावीत तें विष, दिलें. आखडलेला स्नायू सैल पडला. परंतु विजेचा झटका देतांच तोच स्नायू पुन्हां आकुंचन पावला! स्नायूची शक्ति शाबूत होती, तंतूचा तर प्रश्नच उरला नव्हता. दोन्हीं विषें ज्याच्यासाठीं भांडत होतीं तें तिसरेंच कांहीं तरी स्नायूच्या पेशींत होतें. त्यास लँग्लींनीं ‘ग्रहण करणारें द्रव्य’ म्हटलें. आज आपण त्यास ‘ग्राही’ म्हणतों. ‘ग्राहक’ म्हणावें तर वाण्याचें दुकान डोळ्यांपुढें येतें.

हेन्री डेल यांच्यासारख्या मातबर शास्त्रज्ञासहि ही कल्पना रुचली नाहीं. १९२१ सालीं ग्राट्स येथें ओटो लोवी यांनीं बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून, मज्जातंतूहि रसायनाच्याच भाषेंत बोलतो, हें दाखविलें. तें रसायन ॲसिटिलकोलीन. तें हृदयास मंद करतें, आणि पायाच्या स्नायूस मात्र आखडवितें. एका शब्दाचे दोन अर्थ होतात, ते ऐकणाऱ्यामुळें. १९३६ चें नोबेल पारितोषिक लोवी व डेल यांस मिळालें. लँग्ली १९२५ सालींच वारले होते.

१९४८ सालीं अमेरिकेंत रेमंड आल्क्विस्ट यांनीं ॲड्रिनॅलिनचे ग्राही दोन प्रकारचे असावेत, असें मांडलें, तेव्हां त्यांचा निबंध एका नियतकालिकानें परत पाठविला. पुढें ह्याच भेदावर बेतून जेम्स ब्लॅक यांनीं हृद्रोग्यांसाठीं प्रोप्रॅनोलॉल हें औषध घडविलें. जें कोणीं पाहिलें नव्हतें, त्याच्या भरंवशावर रोगी बरे होऊं लागले!

ग्राही प्रत्यक्ष हातीं लागला तो १९७० सालीं, पॅरिस येथें. जाँ-पिएर शाँझ्यू व त्यांचे सहकारी यांनीं विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशाच्या अवयवांतून ॲसिटिलकोलीनचा ग्राही वेगळा केला. त्यास ओळखून धरण्यास उपयोगी पडलें तें तैवानांतील एका मण्यार जातीच्या सापाचें विष. क्युरारेप्रमाणें तेंहि त्याच जागीं जाऊन बसतें. मात्र एकदां बसलें कीं सहसा सुटत नाहीं.