बेंटलेचे हिमकण आणि आमची परात

हिमवर्षाव मी आयुष्यात कधी पाहिलेला नाही. आम्हां गोवेकरांना बर्फ ठाऊक तो मासळीबाजारातल्या खोक्यांमधला. तरीही गेली कित्येक वर्षं एका बर्फवेड्या शेतकऱ्यानं माझ्या मनात घर केलं आहे. त्याचं नाव विल्सन बेंटले.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं जेरिको हे त्याचं गाव, जन्म १८६५चा. आई पूर्वी शिक्षिका होती. तिनंच त्याला घरी शिकवलं आणि पंधराव्या वर्षी आपलं जुनं सूक्ष्मदर्शक त्याच्या हाती दिलं. पोरानं त्याखाली हिमाचा कण धरला आणि तो कायमचा गुंतला. दिसेल तो आकार कागदावर उतरवायला बसायचा, पण चित्र अर्धं होईतो कण वितळून जाई. अखेर घरच्यांनी सुमारे १०० डॉलर खर्चून त्याला कॅमेरा आणि नवं सूक्ष्मदर्शक घेऊन दिलं. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम थोडीथोडकी नव्हती, आणि वडिलांना व भावाला हा सगळा पोरखेळच वाटे. १५ जानेवारी १८८५ रोजी, एकोणिसाव्या वर्षी, बेंटलेला हिमकणाचा पहिला फोटो मिळाला.

त्याची पद्धत वाचताना बोटं गारठतात. काळ्या फळीवर पडणारं हिम झेलायचं, नजरेत भरेल तो कण काडीनं अलगद उचलून काचेवर ठेवायचा, पिसानं दाबून सपाट करायचा. हे सारं थंडगार खोलीत, श्वास रोखून, कारण तोंडाची वाफ लागली की कण गेलाच. उजेड खिडकीतून येईल तेवढाच. तो कणातून आरपार जाऊन काचेच्या प्लेटवर पडे. असे पाच हजारांहून अधिक फोटो त्यानं काढले. त्यांतले २४००हून अधिक 'स्नो क्रिस्टल्स' या पुस्तकात १९३१ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूमोनियानं तो गेला.

पण मला सांगायचं आहे ते निराळंच. पुस्तकातले हिमकण काळ्याभोर पार्श्वभूमीवर चमकतात ना, ती पार्श्वभूमी हिमाची नव्हे, बेंटलेच्या चाकूची. निगेटिव्हच्या दुसऱ्या प्रतीवर कणाच्या कडेकडेनं तो काळा थर खरवडून काढी. छापल्यावर तेवढा भाग काळा उमटे. जर्मनीतल्या गुस्टाव्ह हेलमान आणि रिचर्ड नॉयहाउस यांना हे मुळीच रुचलं नाही. त्यांनी टिपलेले हिमकण पुष्कळदा ओबडधोबड, एका बाजूला झुकलेले असत. बेंटलेचे मात्र रांगोळीसारखे रेखीव. बेंटलेचं म्हणणं असं की खरवडल्यानं कणाचं खरं रूपच स्पष्ट होतं. मला दोन्ही बाजू पटतात. खरवडण्यापेक्षा निवडणं ही मोठी गोष्ट होती, असं मात्र वाटतं. आकाशातून पडणाऱ्या हिमात रेखीव कण थोडे, मोडके नि जोडलेले पुष्कळ. बेंटलेच्या पुस्तकानं प्रेरित झालेल्या उकिचिरो नाकाया या जपानी शास्त्रज्ञानं होक्काइदोत हजारो फोटो घेतले, ते वेड्यावाकड्या कणांसकट. मग १९३६ साली सशाच्या केसावर प्रयोगशाळेतच हिमकण वाढवून, कोणत्या तापमानाला नि किती आर्द्रतेला कोणता आकार येतो हे त्यानं दाखवून दिलं.

हिवाळा सरला की बेंटले दव टिपायचा, कोळ्याच्या जाळ्यांवरचं, गवतावरचं. आणि पावसात? पावसाचे थेंब मोजायला त्यानं कॅमेरा घेतलाच नाही, पीठ घेतलं! चाळलेल्या पिठाचं ताट क्षणभर पावसात धरायचं. प्रत्येक थेंबाची एकेक गोळी होते. ठाऊक मापाचे थेंब पिठावर पाडून त्यांच्या गोळ्यांशी ताडून पाहायचं, म्हणजे पावसाच्या थेंबाचा आकार कळतो. १९०४ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. पुढं १९४३ साली लॉज आणि पार्सन्स यांनी पावसाचा जोर आणि थेंबांचा आकार यांचं नातं शोधलं, तेही पिठाच्याच आधारानं. पीठ निवड करत नाही. पडेल तो थेंब घेतं.

मीही एका जूनमध्ये परातीत मैदा घेऊन अंगणात उभा राहिलो. आमचा पाऊस काही जेरिकोचा नव्हे. मनात तीन आकडे मोजेपर्यंत परातीत खळ तयार! "अहो, पोस्टर चिकटवायचेत का?" असं घरातून ऐकावं लागलं.

हे सगळं आज आठवायला कारण आमच्या गावचा सडा. पंधरा-सोळा वर्षं मी त्याचे फोटो काढतो आहे. एप्रिलमधला काळा, तापलेला चिरा, जूनमधलं शेवाळ, चवथीच्या सुमारास गेंदाची पांढरी आणि सीतेच्या आसवांची जांभळी पसरण. गेल्या वर्षी गावातली चार मंडळी दारात आली. सड्याच्या कडेला एक तळी होती, ती बुजवली गेली. तिथं तळी कधी नव्हतीच, असं आता म्हटलं जातं. "तुमच्याकडे जुने फोटो असतीलच, भाऊ," ते म्हणाले.

दोन रात्री मी संगणकापुढं बसलो. फुलं शेकड्यांनी निघाली. तळी कुठंच नाही. तिच्या काठावर कपडे वाळत असायचे, प्लास्टिकच्या कळश्या असायच्या, वरून विजेची तार जायची. म्हणून दर वेळी मी कॅमेरा थोडा डावीकडं वळवत आलो होतो.

बेंटले खरवडायचा ती दुसरी प्रत. मूळ निगेटिव्ह तो जपून ठेवी. माझ्याकडं मूळ असं काही नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी एक फोटो सापडला, पुसायचा राहून गेलेला. हात हललेला, फुलं धूसर, आणि उजव्या कोपऱ्यात बोटभर पाणी, त्यात एक निळी कळशी. त्याच्या तीन प्रती काढून मी त्या मंडळींना नेऊन दिल्या.