बंदी आणि मोकळीक

साथ आली म्हणजे बंदी कशी आली, याच्या हकीकती पुष्कळ लिहिल्या जातात. बंदी उठली कशी, याकडे मात्र फारसें कोणी वळून पाहत नाहीं. आज मी या दुसऱ्या गोष्टीविषयीं बोलणार आहें. मी केळशीचा. सारी हयात शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेली. परंतु शिकविलेला धडाच एके दिवशीं आपल्या दारांत येऊन उभा राहील, असें मला कधीं वाटलें नव्हतें.

१८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. पुढच्याच महिन्यांत रोग्यांस घरांतून उचलून इस्पितळांत नेण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीनें आपल्या हातीं घेतला, आणि २९ ऑक्टोबर रोजीं गिरणी-कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. लागलीच हुकूम मऊ झाला. ज्यास घरींच नीट वेगळें ठेवतां येईल, अशा रोग्यास हलवूं नये असें ठरलें. मुंबईंतलीं माणसें तर वाट फुटेल तिकडे निघालीं होतीं. लक्षावधि लोकांनीं शहर सोडलें, आणि त्यांतल्या पुष्कळांची वाट कोंकणाकडेच वळली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या आधारें जत्रा थांबल्या, उतारूंची तपासणी सुरू झाली. पुण्यांत रँडच्या हाताखालीं १३ मार्चपासून गोरे शिपाई घरांच्या झडत्या घेऊं लागले. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलें, तें मराठी घरांत कोणास सांगावयास नको. मुंबईंतही ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्यांतल्या विणकरांच्या वस्तींत एका आजारी मुलीस तपासण्यावरून दंगा पेटला. यानंतर मात्र सरकार खरोखर नरमलें. सक्तीच्या झडत्या व रवानगी हळूहळू मागें पडलीं. जातीजातींच्या पुढाऱ्यांचें साहाय्य, आपखुशीनें गांवाबाहेर राहणें आणि हाफकिन यांची लस, यांवर भर आला.

वर्गांत हा भाग आला कीं मुलें हटकून म्हणत, "म्हणजे तेव्हां प्लेग गेला." तसें नव्हतें. प्लेग पुढें कित्येक वर्षें थंडीच्या दिवसांत परत येत राहिला. बंदी सैल झाली ती रोग हटला म्हणून नव्हे, लोक हटेनात म्हणून. बंदी उठणें निराळें आणि साथ जाणें निराळें, हें मीं फळ्यावर कितीदां तरी लिहिलें असेल. मग २०२० साल आलें.

१३ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांत हाच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. तारीख पाहून मी दचकलों. पुण्याच्या झडत्यांना त्या दिवशीं बरोबर १२३ वर्षें झालीं होतीं. पुढें सारा देशच बंद झाला. मोकळीक आली ती हप्त्याहप्त्यानें. मुंबईंत मद्याचीं दुकानें मे महिन्याच्या आरंभीं उघडलीं. इतकी झुंबड उडाली कीं एकदोन दिवसांत तीं पुन्हा बंद करावीं लागलीं. राज्य सरकारनें ठरविलेल्या मोकळिकीचा पहिला टप्पा ३ जूनला सुरू झाला. मुंबईकरांना त्या दिवसापासून समुद्रकांठीं फिरावयास परवानगी होती. आणि त्याच दिवशीं दुपारीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलें. केळशींत माड-पोफळी आडव्या पडल्या, घरांचीं कौलें पानांसारखीं उडालीं. माझ्या घरावरचें अर्धें छप्पर गेलें. डोक्यावर पाऊस येऊन ठेपलेला. दिवा नाहीं, फोन नाहीं. मोकळीक म्हणजे आम्हांस काय हवें होतें? पत्रे घेऊन येणारा एक ट्रक आणि छपरावर चढणारीं चार माणसें. अंतर राखून कौलें कशीं चढवावीं, हें कोणत्याच हुकुमांत लिहिलेलें नव्हतें.

माझा पुतण्या गिरगांवांत घड्याळें दुरुस्त करतो. ५ जूनपासून रस्त्याच्या एका बाजूचीं दुकानें एके दिवशीं, दुसऱ्या बाजूचीं दुसऱ्या दिवशीं, अशी रीत सुरू झाली. त्यानें दुकान उघडलें, पण गिऱ्हाईक येईना. त्याचें गिऱ्हाईक लोकल गाडींतून येणारें, आणि लोकल सर्वांसाठीं सुरू झाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजीं, तीही ठराविक वेळांपुरती. दुकान उघडण्याचा हुकूम आणि दुकान चालणें यांत त्या बिचाऱ्याचे आठ महिने गेले.

गणपति आले. चाकरमान्यांसाठीं सरकारनें चौदा दिवसांचें विलगीकरण दहांवर आणलें. १२ ऑगस्टनंतर येणाऱ्यास तपासणीचा दाखला हवा. पुतण्या म्हणाला, "काका, येऊं का?" मी क्षणभर गप्प राहिलों. गांवांत म्हातारीं माणसें फार. सरकार ये म्हणत होतें आणि घरचा वडील मनुष्य अडखळत होता! तो आला, दहा दिवस माडीवर एकटा राहिला, जेवणाचें ताट मी जिन्यावर ठेवीत असें. त्या संकोचाची मला अजून लाज वाटते.

उपाहारगृहें व मद्यगृहें ५ ऑक्टोबरला उघडलीं आणि देवळें दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. यावरून फार वाद माजला. माझें मत लोकांना रुचलें नाहीं, तरी सांगतों: उपाहारगृहांत वाढणाऱ्या पोऱ्याला पोट आहे, आमच्या महालक्ष्मीला थांबतां येतें.

आणि मग वर्गांतली तीच चूक आम्हीं थोरांनीं केली. सारें उघडलें, म्हणजे रोग गेला, असें धरून चाललों. लग्नें पूर्वीसारखीं होऊं लागलीं. एप्रिल २०२१ मध्यें दुसरी लाट शिगेस पोहोंचली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं, १४ एप्रिलला, राज्यांत पुन्हा कडक संचारबंदी आली. जूनमध्यें जिल्ह्यांच्या पांच पायऱ्या केल्या, रुग्णांचें प्रमाण व प्राणवायूच्या खाटा मोजून. मुंबई तिसऱ्या पायरीवर. दुकानें दुपारीं चारपर्यंत. १८९८ सालीं मोकळीक दंग्यानें मोजली गेली होती. येथें निदान खाटा मोजल्या गेल्या, हें मी मोठें अंतर मानतों. देवळें घटस्थापनेस, ७ ऑक्टोबरला, पुन्हा उघडलीं. नाट्यगृहें त्याच महिन्याच्या २२ तारखेस. सारे निर्बंध उठले ते १ एप्रिल २०२२ रोजीं, गुढी पाडव्याच्या आदल्या दिवशीं.

त्या चैत्रांत पुतण्या बायकोमुलांसह महालक्ष्मीच्या उत्सवास आला. देवळाशीं ही गर्दी. त्यानें मुखपट्टी खिशांत घातली होती. गर्दींत शिरतांना ती बाहेर काढली, माझ्याकडे पाहिलें, आणि तोंडावर बांधली. मींही माझी बांधली.