आलेखामागची आज्ञा : ‘ग्नूप्लॉट’ची जन्मकथा

१/८
१७८६ मध्ये विल्यम प्लेफेअर याने लंडनमध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापले. वाचकाला रेषा दिसे. ती आकड्यांतून कशी उतरली, हे मात्र कोरणाऱ्याच्या हातातच राही. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी लिहिल्या गेलेल्या एका संगणकीय आज्ञावलीची ही कथा.

२/८
आज्ञा देऊन आलेख काढण्याची कल्पना त्याआधीची. बेल लॅब्जच्या युनिक्स प्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत ‘ग्राफ’ आणि ‘प्लॉट’ या आज्ञा होत्या. अडचण होती ती यंत्रांची. प्रत्येक पडद्याची, प्रत्येक प्लॉटरची भाषा निराळी.

३/८
१९८६ मध्ये अमेरिकेतील व्हिलानोव्हा विद्यापीठात थॉमस विल्यम्स अवकल समीकरणे शिकत होता, तर कॉलिन केली विद्युत्‌चुंबकीय सिद्धांत. समीकरणे डोळ्यांना दिसली तर ती अधिक उमगतील, असे दोघांनाही वाटले. दोघे प्रयोगशाळेतील संगणकांची व्यवस्था पाहत. त्यामुळे आलेख दाखवणारे पडदेही हाताशी होते आणि सवडही.

४/८
नावावर मात्र एकमत होईना. विल्यम्सला ‘लामाप्लॉट’ हवे होते, केलीला ‘एनप्लॉट’. ‘न्यूप्लॉट’वर तडजोड झाली, तर त्या नावाची एक आज्ञावली आधीच निघाली. अखेर अक्षरे बदलली : ‘ग्नू’ या आफ्रिकी प्राण्याच्या नावाचा इंग्रजी उच्चार ‘न्यू’ असाच होतो. या श्लेषामुळे आजही अनेकजण ही आज्ञावली रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाचे अपत्य समजतात. वास्तविक तिची निर्मिती स्वतंत्र आहे.

५/८
यंत्रभेदावरचा तिचा उपाय साधा होता. आलेखाची आज्ञा एकच. प्रत्येक यंत्रासाठी तिचे भाषांतर करणारा भाग वेगळा. ते यंत्र निवडण्याची आज्ञा ‘सेट टर्मिनल’. जुने टर्मिनल केव्हाच गेले. आज त्याच आज्ञेने पीडीएफ किंवा पीएनजी चित्र निघते. ‘डम्ब’ हा पर्याय निवडला तर नुसत्या अक्षरचिन्हांनीही आलेख रेखाटला जातो.

६/८
प्रारंभी भर गणिती फलांवर होता. धारिकेतील आकडे रेखाटण्याची सोय नंतर जोडली गेली. पुढे प्रयोगशाळांना हीच सोय सर्वाधिक उपयोगी पडली. दोन स्तंभांत तापमान आणि दाब लिहावे, ‘प्लॉट’ या आज्ञेपुढे धारिकेचे नाव द्यावे, आलेख तयार.

७/८
मूळ संहिता सर्वांना विनामूल्य मिळते. बदल मात्र मूळ संहितेहून वेगळे, ‘पॅच’ म्हणून वितरित करावेत, अशी परवान्याची अट. कोणाचे काम कोणते, हे त्यामुळे स्पष्ट राहते. ‘ऑक्टेव्ह’सारख्या गणिती प्रणालीनेही आलेखांसाठी याच आज्ञावलीचा आधार घेतला. सहावी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली.

८/८
या इतिहासाचे मोल केवळ सोयीत नाही. उभा अक्ष शून्याऐवजी नव्वदापासून सुरू केला, तर किंचितशी वाढही कड्यासारखी उभी दिसते. तयार चित्रात ती निवड नजरेतून सुटू शकते. आज्ञांच्या धारिकेत ती एका ओळीत लिहिलेली असते. आकडे आणि ती धारिका सोबत दिली, की शंका असणारा वाचक ती ओळ बदलून तोच आलेख स्वतः पुन्हा काढून पाहू शकतो. प्लेफेअरच्या वाचकाला ही मुभा नव्हती.